खळ

दुपारी तीनला गिरणीत डब्यांची रांग होती
आणि हवालदार बेटगेरी दळण न घेता आले.
म्हणाले, वाटीभर गव्हाचं पीठ द्या,
गॅस असला तर खळच शिजवून द्या,
स्टेशनातली डिंकाची बाटली वाळून गेली.

कशाला, असं मी विचारलं नाही.
पट्टा चालू असला की बोलणं तसंही ऐकू येत नाही.
बायकोनं पातेलीत पीठ कालवलं,
गुठळी राहू नये म्हणून बोटानं ढवळलं,
कंदिलाच्या कागदाला करते तशीच.

मग म्हणाले, तुम्हीपण चला, दोन पंच लागतात.
दुसरा पंच इस्त्रीवाला मौलासाब,
येताना त्यानं निखाऱ्यांवर राख ओढली.

कोगनोळ्यांचं दार सताड उघडं होतं.
उघड्या दारावर चिकटवायचं कसं?
बेटगेऱ्यांनी कडी धरून ते बाहेरून ओढून घेतलं.
आत अक्काताई बिड्या वळत होती.
अंधारातनं तिचा आवाज आला :
कोण लावतंय माझं दार?

आली. सूप कमरेवर तसंच.
पोरगं कुठाय?
मला काय सांगून जातं व्हय.
पूर्वी कागद घरातल्या पुरुषाच्याच हातात द्यायचा असे,
बेटगेरी म्हणाले, आता कायदा बदललाय,
बाईमाणूसपण घेऊ शकतं. घेता?
हात तंबाखूचं हायत, ती म्हणाली,
आणि दोन्ही हात पदराखाली गेले.

तेव्हा त्यांनी वाचलं. आधी कानडीत,
पाठ, ताठ, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं.
मग आमच्या मराठीत, हळू, उंबऱ्याकडं बघत :
प्रदीप शिवगोंडा कोगनोळे, वय सत्तावीस,
मटका एक, उरुसातली मारामारी एक,
बसच्या पाटीला काळं फासलं ते एक,
सबब गडीपारु, सहा महिने.

कुठला गडी? अक्काताईनं विचारलं.
तिच्या लेखी गडी म्हणजे शेतावरचा,
नाहीतर कबड्डीतला, बाद होणारा.
गडी म्हणजे शीव, मौलासाब म्हणाला. हद्द.
हद्दीपार करत्यात त्याला.
कुठवर?
जिल्ह्याबाहेर कुठंबी.
मग कागलला जाईल मावशीकडं, ती म्हणाली,
हे काय, वडापानं अर्धा तास.

कुणीच काही बोललं नाही.
पद्याचा आजा याच शिवेपायी
हिंडलग्याच्या जेलात अठरा दिवस बसून आला होता,
पलीकडं जायचंय म्हणून.
गाव, शेत, ग्रामपंचायत, सगळ्यांसकट.
नातवाला एकट्याला मिळालं,
शिक्क्यानिशी.

ब्रश नव्हता. बेटगेऱ्यांनी तीन बोटांनी खळ फासली,
कागद वरून खाली दाबत आणला
लग्नपत्रिकेला हळद लावावी इतक्या निगुतीनं.
मग मोबाईल काढला. पंच दोन्ही बाजूंनी उभे राहा.
मौलासाबनं टोपी सरळ केली.
मी पीठ झटकलं.
मराठीत सही चालते का, मी विचारलं.
सही कुठल्यापण भाषेत चालते, ते म्हणाले.

चौथ्या दिवशी पहाटे पद्या गिरणीवर आला.
खांद्याला पिशवी, हातात आईचा डबा.
काका, दळून घरी पोचवा, म्हणाला,
आता सहा महिनं तुम्हीच.
जाता जाता वळला.
रात्री नखानं खरवडून बघितलं ओ, कोपरासुद्धा सुटत न्हाई.
कुणी शिजवलीया खळ?

मी पट्टा चालू केला.

अक्काताई आता दिवसभर दार उघडं टाकते.
दार आत उघडतं, त्यामुळं
कागद भिंतीकडं तोंड करून राहतो,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही.
रात्री तेवढं लावावं लागतं.